मोजून केलेले वाचन आणि मनन

संपादक महोदय,

मनःशांतीविषयी हल्ली पुष्कळ लिहिले जाते, पण त्यात श्वास, झोप आणि ताण यांची जेवढी चर्चा असते तेवढी अभिमानाची नसते. धर्मग्रंथांनी मात्र शांती आणि अभिमान यांचा संबंध फार पूर्वीच ओळखला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील शेवटून दुसरा श्लोक 'निर्ममो निरहङ्कारः स शान्तिमधिगच्छति', म्हणजे ममत्व आणि अहंकार सोडलेला माणूस शांती मिळवतो, असे सांगतो. बायबलमधील १३१वे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. तेही हृदयात गर्व नसल्याचे सांगून सुरू होते आणि लगेच आईजवळ विसावलेल्या, दूध तुटलेल्या बालकाच्या शांततेकडे वळते. दोन्हीकडे अहंकार सुटण्याचा उल्लेख आधी आहे आणि शांतीचा नंतर.

हे मला उशिरा कळले, कारण अनेक वर्षे मी ग्रंथ मोजून वाचत होतो. ग्रंथ किती वेळा संपवला, किती श्लोक पाठ झाले, वादात कोणाला कोणते वचन ऐकवले, याचा हिशेब माझ्याजवळ चोख असे; शांती मात्र नव्हती. ज्या वाचनाने अभिमान उतरावा, त्याच वाचनाचा मला अभिमान झाला होता, आणि धार्मिकतेचे वस्त्र पांघरलेला हा अभिमान ओळखायला सर्वांत कठीण असतो.

पुढे ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अडकलो. ज्ञान म्हणजे काय, हे सांगताना गीता पहिला शब्द 'अमानित्व', म्हणजे मानाची हाव नसणे, हा वापरते. त्यावर ज्ञानेश्वर म्हणतात, की अशा माणसाचे असलेलेच गुण कोणी वाखाणू लागले, तरी तो पारध्याने कोंडलेल्या हरणासारखा किंवा पोहताना भोवऱ्यात सापडलेल्या माणसासारखा गडबडून जातो; बृहस्पतीएवढी सर्वज्ञता लाभली, तरी मोठेपणाच्या भयाने वेडेपणात दडून बसतो. स्तुती ऐकताना मी कसा फुलतो, हे आठवून मला त्या ओव्यांपुढे जाताच येईना. सुमारे महिनाभर त्याच वाचल्या. कोणी वाखाणले की ते हरीण डोळ्यांसमोर येई, आणि उत्तर देण्याची घाई आपोआप ओसरे.

मनन ते हेच असावे. उपनिषदाने श्रवणानंतर मनन आणि त्यानंतर निदिध्यासन, म्हणजे त्याचाच सतत ध्यास, सांगितले आहे. बायबलमधील पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करण्यासाठी जो हिब्रू शब्द आहे, त्यात हलक्या आवाजात पुटपुटण्याचा अर्थ आहे. पुटपुटताना वेग आवरावाच लागतो, आणि ऐकणारा दुसरा कोणी नसल्यामुळे ते वचन आपल्यालाच ऐकावे लागते. दररोज एकच वचन घ्यावे आणि ते शेजाऱ्याला नव्हे, स्वतःला लावून पाहावे, एवढाच माझा अनुभव आहे. राग आणि चिडचिड पूर्ण गेली, असा माझा दावा नाही.

हे पत्र छापून यावे, ही इच्छा लिहिताना दोनदा मनात डोकावली, म्हणून नाव देण्याचे टाळतो.

आपला,
एक वाचक