इंजिनाचा नियम आणि मागे पडलेल्यांची संधी

महोदय,

फॉर्म्युला वनमध्ये २०२६ पासून लागू झालेल्या इंजिन नियमांमुळे सर्व संघ पुन्हा समान पातळीवर येतील, अशा आशयाचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. या निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. २०१४ मध्ये १.६ लिटरची संकरित (इंधन आणि वीज दोन्हींवर चालणारी) टर्बो इंजिने आली, तेव्हाही हीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या मोसमातील १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या आणि २०१३ मध्ये अवघे ५ गुण मिळवून नववा आलेला विल्यम्स संघ, रेनॉचे इंजिन सोडून मर्सिडीजचे घेताच तिसरा आला. नवा नियम आला की ज्याला तो आधी उमगला, त्याचेच फावते. मागे पडलेल्यांना इंजिन सुधारायलाही तेव्हा ‘टोकन’ची, म्हणजे ठरावीक मोजकेच बदल करू देणाऱ्या परवान्यांची, मर्यादा आडवी येत होती, आणि आम्ही मुंबईत टीव्हीसमोर बसलेले प्रेक्षक सराव सत्रातच निकाल ओळखू लागलो होतो.

आता विद्युत मोटरची शक्ती १२० वरून ३५० किलोवॉट झाली आहे, म्हणजे लांब सरळ पट्ट्याच्या अखेरीस बॅटरी कोणाची टिकते, यावर बरेच काही ठरेल. म्हणूनच मागे राहिलेल्या इंजिन उत्पादकांना सुधारणेची जादा संधी देणारी नव्या नियमांतील तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटते. आघाडीच्या संघांच्या दबावाखाली ती सौम्य होऊ नये.

– एक वाचक, माहीम, मुंबई