मुक्ततेचा फॉर्म आपल्याकडे नाही

पालकांपासून कायदेशीर मुक्तता मिळवणाऱ्या अमेरिकन मुलांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. कॅलिफोर्नियात १४ वर्षांचे मूल पालकांच्या संमतीने वेगळे राहत असेल आणि वैध कमाईवर स्वतःचा खर्च भागवत असेल, तर न्यायालय त्याला मुक्त ठरवू शकते, हे खरे. पण भारतात अशी तरतूदच नाही, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. मी शाळेत शिकवते. सोमवारी मधल्या सुट्टीत दहावीतली एक मुलगी चार घड्या घातलेले कात्रण घेऊन आली. ‘‘बाई, हा फॉर्म आपल्याकडे कुठे मिळतो?’’

फॉर्म नाही. मात्र घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३१ नुसार मूल स्वतःहून बालकल्याण समितीपुढे जाऊ शकते. ही समिती मुलाला ‘मुक्त’ करत नाही; गरज असेल तर सुरक्षित ठिकाणी ठेवते. (१४ व्या वर्षी घरभाडे भरण्यापेक्षा मला तरी हे बरे वाटते.) मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पुढच्या रविवारी तो ठळक छापावा, ही विनंती.

– एक शिक्षिका, सातारा