अक्षरं माझी, चित्रं तिची

संपादक महोदय,
घरीच शिकवता म्हणजे पोरगी एकटी पडणार, हे ऐकून ऐकून कान किटले. ती 5 वर्षांची आहे. चित्रांचं पुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं, वाचायला 10 मिनिटं पुरतात, पण आमचा अर्धा तास एकाच पानावर जातो, कारण कोपऱ्यातली गोगलगाय मागच्या पानावर कुठे होती ते तिला शोधायचंच असतं, अक्षरं मी वाचते नि चित्रं ती. आठवड्यातून दोनदा चार-पाच घरची मुलं जमतात, ओल्या कापसावर बिया ठेवतात आणि मोड कोणाचा आधी आला यावरून भांडतात (ते सोडवणं हाही एक तासच की!). आकड्यांचं अजून अडखळतंय, खोटं कशाला बोलू. पण "वही दाखवा" म्हणणाऱ्यांना मातीचे हात कसे दाखवायचे?
– एक आई