कानाने वाचणाऱ्यांची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑडिओबुक ऐकणाऱ्याला वाचनाचा कंटाळा असतो, असा सूर वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून उमटतो. पुस्तके आवाजात उतरवण्याच्या कामात असलेल्या आम्हा काहीजणांना यावर थोडे सांगायचे आहे. ऐकणाऱ्यांची कारणे नीट पाहिली तर आळस त्या यादीत बराच खाली लागतो.

सगळ्यात वर आहेत डोळे. चाळिशी लागते तेव्हा नेमके बारीक टायपातले पुस्तक हातात असते. देवनागरीत त्याचा त्रास अधिकच होतो. मात्रा, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली. पाने वाचवण्यासाठी ओळींमधले अंतर कमी केले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. त्यात काचबिंदू किंवा मधुमेहाने दुखावलेला पडदा असेल, तर दहा मिनिटांत डोळे भरून येतात. संधिवात किंवा कंपवात असलेल्याला पाचशे पानांची कादंबरी नुसती धरणेच जमत नाही. या मंडळींनी वाचन सोडलेले नसते, पुस्तकानेच त्यांची साथ सोडलेली असते.

दुसरा गट कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली, आता पंचविशी-तिशीत असलेली मुले घरी अस्सल मराठी बोलतात. आजीचे टोमणे त्यांना बरोबर कळतात, पण छापील पानावर जोडाक्षरापाशी गाडी अडते आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यांच्यासाठी मराठी ही कानाची भाषा आहे. ग्रामीण संवादांच्या बाबतीत तर सराईत वाचकाचीही हीच गत होते. ‘म्या काय म्हंतो’, ‘न्हाई जायाचं’ असे पानभर छापलेले असले की शहरी डोळा अडखळतो. तेच जाणत्या अभिवाचकाच्या तोंडून आले की अर्थ, वय, राग सगळे एकदम कळते. तसेही आपल्याकडे घरात पोथी एकजण वाचत असे आणि बाकीचे ऐकत असत. नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते. त्या ऐकणाऱ्यांना कोणी आळशी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तिसरे कारण वेळ. कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभे राहणाऱ्याला पुस्तक उघडता येत नाही. हिशेब साधा आहे. २०० पाने, पानाला २५० शब्द, म्हणजे ५० हजार शब्द. अभिवाचनाचा वेग मिनिटाला १२० शब्द धरला तर सात तास लागतात. जाऊन-येऊन रोज दोन तास प्रवास असेल तर चौथ्या दिवशी पुस्तक संपते. वेग सव्वापट केला तर साडेपाच-पावणेसहा तासांत. मनात वाचणारा यापेक्षा वेगाने जातो हे खरे, पण त्याला बसायला जागा लागते. (हेल्मेटच्या आत इअरफोन घालून दुचाकी चालवणाऱ्यांची बाजू मात्र आम्ही घेणार नाही. कादंबरीतला घोडा ऐकू येतो आणि मागचा ट्रक येत नाही.)

ज्यांना छापील अक्षर दिसतच नाही, त्यांच्यासाठी तर हे माध्यम मुळात जन्मले. लंडनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तके निघाली, ती तबकड्यांवर. एका बाजूला जेमतेम २५ मिनिटे मावत, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठाच लागे. आज सात तासांचे पुस्तक एकेरी चॅनेलच्या ६४ केबीपीएस एमपीथ्रीमध्ये सुमारे २०० एमबीत बसते. कायद्याबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार, दिव्यांगांना वाचता यावे यासाठी ना नफा तत्त्वावर पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला परवानगीची गरज नाही. अंधांसाठी पुस्तके सुलभ करणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देशही भारतच, २०१४ साली. पण तेच ध्वनिमुद्रण ‘सर्वांना उपयोग होईल’ म्हणून यूट्यूबवर चढवले की ती सवलत संपते. मग लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटलेली नसतील तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवीच. सेवाभावाने केलेले काम बहुधा इथेच फसते.

ऐकणारे नाराज होतात ते बहुतेकदा निर्मितीतल्या चुकांमुळे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. ‘त्याने पत्र उघडले नाही.’ नवखा अभिवाचक वाक्याच्या शेवटी श्वास संपवतो, आवाज पाडतो, आणि ‘नाही’ गिळला जातो. बसच्या गोंगाटात ऐकणाऱ्यापुरते ते पत्र उघडलेले असते! उपाय असा की लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा याची खूण संहितेवर आधीच करायची आणि शेवटचे दोन शब्द मुद्दाम उभे ठेवायचे. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका ठेवायचा, नाहीतर प, फ, भ यांचे फुत्कार आदळतात. घरातल्या खोलीत घुमारा येतो तो भिंतींमुळे. महागड्या माइकने तो जात नाही, बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगल्या की बराच जातो. कोणी बोलत नसताना ध्वनिमुद्रणात उतरणारा खोलीचा स्वतःचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा, अशी ऑडिओबुक विकणाऱ्या मोठ्या मंचांची अट असते. पंखा बंद केल्याशिवाय ती पाळता येत नाही. शिवाय गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशांचा सराव चालतो, तेव्हा तिथून जवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळी काम करण्याचा हट्ट धरू नये. वाचन, चुकलेल्या भागाचे पुन्हा ध्वनिमुद्रण, संपादन आणि तपासणी धरून तयार एका तासामागे सहा तास सहज जातात. या कामाला दर ठरवताना ही गोष्ट नेमकी विसरली जाते.

मग मजकूर आपोआप वाचणाऱ्या यंत्राचा आवाज का नको? पटापट ऐकणाऱ्या अंध वाचकांपैकी अनेकांना तोच आवडतो. भाव नसला तरी दुप्पट-तिप्पट वेगातही तो स्पष्ट राहतो. अडचण मराठीच्या लिपीत आहे. ‘चार गुरांना गवत चार’ या वाक्यातले दोन ‘चार’ सारखे लिहिले जातात, पण त्यांचा उच्चार वेगळा होतो. पाण्याचा जग आणि सारे जग, थोडेसे या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’, यांचीही तीच गोष्ट. अक्षरजुळणीत ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर यंत्र सह्याद्रीत समुद्र आणते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘केलें’ यांवर न उच्चारायचे अनुस्वार आहेत. यंत्र ते इमानाने नाकातून म्हणू शकते. माणसाला हे सांगावे लागत नाही.

काही पुस्तके ऐकू नयेत, हेही कबूल करायला हवे. तळटीपा, वंशावळी, नकाशे, पाककृतींची प्रमाणे कानात राहत नाहीत. पेशव्यांच्या काळावरच्या ग्रंथात एका परिच्छेदात सहा रघुनाथ-माधव-बाजीराव आले की पंधरा सेकंद मागे जाण्याचे बटण किती वेळा दाबणार? तिथे छापील पानच हवे.

प्रकाशकांना एवढेच सुचवायचे आहे. पुस्तकाची अंतिम प्रत बहुधा पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत, जुन्या बिगर-युनिकोड फाँटात पडून असते. पडद्यावर ती मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी आत भलतीच अक्षरे असतात आणि अंधांना मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अगम्य काहीतरी बोलतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचेही तसेच, त्यात अक्षरे नसतात, नुसती चित्रे असतात. छपाईला जाण्याआधी शेवटच्या मुद्रितशोधनानंतरची एक युनिकोड प्रत वेगळी काढून ठेवावी, रूपांतरानंतर ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासावेत. ऑडिओबुक काढताना प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असावी आणि तिला ‘ट्रॅक ०७’ऐवजी प्रकरणाचे नाव द्यावे, अंधारात, आडवे पडून ऐकणाऱ्याला काल कुठे थांबलो ते त्यावरूनच सापडते. १८४८पासून नगर वाचन मंदिर असलेल्या पुण्यातल्या ग्रंथालयांनी सूचीत लेखकाशेजारी अभिवाचकाचेही नाव नोंदवायला हरकत नाही. ऐकणारे पुढचे पुस्तक पुष्कळदा त्या नावावरूनच मागतात.

आपले,
पुण्यातील काही अभिवाचक व ध्वनिमुद्रक