मुलांना आधी दिव्यनाम कीर्तने शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पौष वद्य पंचमी ही कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज यांची पुण्यतिथी. त्या दिवशी कावेरीकाठच्या तिरुवैयारूला शेकडो गायक-वादक त्यांच्या समाधीपाशी बसून पंचरत्न कृती, म्हणजे त्यांच्याच पाच मोठ्या रचना, एकसुरात गातात. माटुंग्यात मी दरवर्षी अशाच गोष्टीगायनाला, म्हणजे सर्वांनी मिळून गाण्याच्या कार्यक्रमाला जाते. श्रोते भरपूर असतात. गाणाऱ्यांत तरुण मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मुले शिकत नाहीत असे मुळीच नाही. क्लास भरलेले आहेत. पण वर्णम (रियाजाची अवघड रचना), परीक्षा, स्पर्धा या क्रमाने गाडी पळते आणि दहावी आली की क्लास सुटतो. आजीबरोबर बसून म्हणता येईल असे एकही गाणे तोवर कित्येकांच्या गळ्यात उतरलेले नसते. याचे मला फार वाईट वाटते, कारण चार जणांनी मिळून म्हणायच्या रचना खुद्द त्यागराजांनीच करून ठेवल्या आहेत. त्यांच्या दिव्यनाम कीर्तनांत पल्लवी (ध्रुपद) आणि एक चरण बसला की बाकीचे चरण त्याच चालीवर म्हणता येतात. ‘तव दासोहम्’ हे पुन्नागवराळी रागातले कीर्तन तर संस्कृतात आहे. आमच्या इमारतीतल्या तमिळ मुलांचे ऐकून मराठी मुलींनीही ते उचलले. त्यांतली सर्वांत धाकटी आदि ताल धरते तेव्हा पाहावे! मांडीवर थाप, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, मग थाप आणि उलटा हात, असे दोनदा. एखादी मात्रा चुकली की थांबते आणि पुढच्या थापेला बरोबर येऊन मिळते.

त्यागराजांच्या बहुतेक रचना तेलुगूत आहेत आणि ती भाषा आमच्याकडच्या तमिळ मुलांनाही येत नाही. म्हणून शिकवताना प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायलाच हवा. रामाला कोण, कशासाठी हाक मारतोय हे कळले की मुले वेगळीच गातात.

मराठी घरांना तर हे संगीत परके वाटायचे काहीच कारण नाही. पं. भीमसेन जोशींनी गायलेले ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ आपल्याकडे किती घरांत वाजते! ते ‘पुरंदर विठ्ठल’ अशी नाममुद्रा घालणाऱ्या कन्नड संतकवी पुरंदरदासांचे. कर्नाटक संगीताचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात बांधण्याचे श्रेयही त्यांनाच देतात आणि त्या रागाचे सूर म्हणजे आपल्या भैरवाचेच सूर. तिकडे तंजावरच्या मराठी राजवटीत आपले कीर्तन पोचले आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी रुजली. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ मैफलींतून गायला आणि आज चेन्नईतली मुले तो म्हणतात. मग आपल्या मुलांनी ‘तव दासोहम्’ का म्हणू नये?

आराधना, म्हणजे हा पुण्यतिथीचा उत्सव, भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की पंचरत्नांच्या आधी अर्धा तास दिव्यनाम कीर्तनांना द्यावा, मुलांना पुढच्या रांगेत बसवावे आणि देवनागरीत छापलेले शब्द हाती द्यावेत. येणाऱ्या कुठल्याही मुलाला क्लास, भाषा, जात विचारू नये. आणि आपण कार्यक्रमांच्या सदरात अशा गायनाची ठिकाणे आणि वेळा आठवडाभर आधी छापाव्यात. बातमी दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा कार्यक्रम होऊन गेलेला असतो.

– एक वाचक, माटुंगा, मुंबई