सुई कोणाला, कधी, हेही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या मराठवाडा आवृत्तीत ‘मणक्याचे ऑपरेशन विसरा’ छापाच्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात. केजला माझी फिजिओथेरपीची छोटी ओपीडी आहे. जाहिरातीचे कात्रण घडी करून एमआरआयच्या पिशवीत ठेवलेले असते, ते पुढे करून लोक विचारतात, “मॅडम, हे करावं का?”

ऑपरेशनची धास्ती आमच्या जिल्ह्यात उगाच नाही. बीडमध्ये तीन वर्षांत ४६०५ महिलांची गर्भाशये काढल्याचा आकडा २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितला गेला आणि ऊसतोड बायांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यानंतर ‘काप नाही, टाका नाही’ म्हणणाऱ्याकडे माणूस ओढला जाणारच.

पण या जाहिराती सगळे उपचार एकाच पोत्यात भरतात. एपिड्युरल इंजेक्शनमध्ये सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत सुई दबलेल्या नसेजवळ नेतात आणि स्टिरॉइड सोडतात. पायात उतरणारी कळ त्याने काही आठवडे, नशीब असेल तर काही महिने कमी होते. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर येत नाही आणि मधुमेह्याची साखर चार दिवस वर जाते. न्यूक्लिओप्लास्टीत सुईवाटे गादीतला थोडा गाभा विरघळवतात. बाहेरचे वेष्टण शाबूत असेल त्यालाच ती चालते, तुकडा तुटून बाहेर आला असेल तर नाही. गादीत ओझोन वायू सोडणे आणि लेझर यांचे दावे मोठे, पुरावा तोकडा. दुर्बिणीने तुकडा काढणे हा चांगला मार्ग आहे, जेमतेम आठ मिलिमीटरच्या छेदातून, तेवढा भाग बधिर करूनही होतो. पण ते ऑपरेशनच! ‘ऑपरेशनशिवाय’ या मथळ्याखाली ते कसे छापतात?

सुईने गादी विरघळवण्याची कल्पना नवीही नाही. पपईच्या चिकातले कायमोपपेन गादीत टोचण्याचे प्रयोग १९६०च्या दशकात अमेरिकेत झाले, १९८२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. क्वचित, पण गंभीर ॲलर्जी आणि मज्जारज्जूला इजा झाल्याच्या नोंदी आल्या, वापर आटला आणि २००३ मध्ये तिथली विक्री थांबली.

जाहिरातीत कधीच नसते ती गोष्ट म्हणजे थांबणे. गादीमुळे पायात कळ आलेल्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो, बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरच जिरवते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर ते आणि थांबलेले, दोन्ही गट सारखेच होते. थांबलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागले, बाकीच्यांना नाही. एमआरआयच्या अहवालातल्या ‘बल्ज’ला, म्हणजे गादीच्या फुगवट्याला, तर भिऊच नये. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या दहा माणसांचा एमआरआय काढला तर साधारण सहा जणांत तो सापडतो.

आता हे थांबणे केज-धारूरच्या माणसाला परवडते का? दसरा-दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते. कोयता नवरा-बायको दोघांचा, त्यातला एक आडवा झाला की उचल फिटत नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्याला मी “वजन उचलू नका” सांगते तेव्हा तो नुसता हसतो. त्याला सुई हवी असते ती पुन्हा फडात उभे राहण्यासाठी, आणि धोका तिथेच आहे. कळ दबते, गादी तशीच राहते, आणि तो आठवड्यात पुन्हा मोळीखाली जातो. सुईने मिळालेल्या आरामात चालणे वाढवायचे, पाठीचे व्यायाम सुरू करायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाची लाथ खाऊन उसण घालवणारे अजून आहेतच. ती निदान फुकट असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञगटाने तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला अशी इंजेक्शने देऊच नयेत, असे सुचवले. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली. मला गटाची भूमिका टोकाची वाटते. नवी, असह्य, रात्रभर झोपू न देणारी पायातली कळ हे वेगळे दुखणे आहे, आणि तिथे एक सुई माणसाला सावरू शकते. पण निवडून दिलेली.

आणि काहींना थांबणेही घातक. माझ्याकडे आलेल्या एका ड्रायव्हरची उजवी चप्पल चालताना निसटायची आणि त्याला कळायचेही नाही. पाऊल लुळे पडत होते, तरी एका ठिकाणी त्याच्यावर ओझोनचे ‘पॅकेज’ चालू होते. पाऊल उचलेना, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवे. अशा वेळी सुई हा पर्यायच नसतो.

आरोग्य खात्याने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वेदना ओपीडी चालवावी. भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एका टेबलावर बसावेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मणक्याचे कोणते उपचार बसतात, याचा मराठी फलक दारात लावावा. आणि आपणाकडे एक मागणे: अशा जाहिराती घेताना डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि उपचाराचे नेमके नाव छापण्याची अट घाला. ‘शंभर टक्के खात्री’ असेल तर ती जाहिरात परत पाठवा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
केज, जि. बीड