भिंतीतल्या त्या जाळीबद्दल

प्रिय अव्या,

तुझ्या तीन मेलना उत्तर दिलं नाही, त्याची मनापासून लाज वाटते. कारण काहीच नाही, राहून गेलं. माझी शुगर ताब्यात आहे, नीताचा खांदा आता वर जातो, बाकी ठीक. पण काल रात्री तू इथे इंग्लंडमध्ये राहायला घेतलेल्या कॉटेजचे पाठवलेले फोटो पाहिले आणि सकाळी पहिलं काम म्हणून लिहायला बसलो.

चौथा फोटो बघ. लाकडाच्या शेगडीच्या डावीकडे, सॉकेटच्या वर, भिंतीत एक पांढरी जाळी आहे. शेगडीला लागणारी हवा तिथूनच येते. ती बुजवायची नाही. टॉवेल, उशी, वर्तमानपत्र, काहीही लावायचं नाही. तू लावशील, हे मला ठाऊक आहे. होस्टेलवर खिडकीच्या प्रत्येक फटीत ‘सकाळ’च्या घड्या कोंबणारा माणूस तू. आणि महाबळेश्वरच्या त्या रात्रीनंतर हे तुला सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे? दार मी उघडलं की दिन्याने, हे भांडण पुन्हा काढत नाही. (मीच उघडलं होतं.)

जागा मात्र तू सुरेख निवडलीस. यॉर्कशरमधल्या स्वेलडेल खोऱ्यात, म्यूकर गावाच्या आसपास, कुरणाकुरणात असे दगडी गोठे उभे आहेत; तुझं कॉटेज त्यातलंच एक. खाली चार-पाच गुरं, वर माळ्यावर गवत. नोव्हेंबर ते मे गुरं आतच असायची. गवत तिथेच खायला घालायचं आणि शेण त्याच कुरणात पसरायचं. काकू आत शिरल्या शिरल्या गव्हाण कुठे होती ते ओळखतील. दोन गुरांच्या मधला उभ्या दगडी फरशीचा आडोसा मालकांनी ठेवलाय, सहाव्या फोटोत दिसतो. जिन्यावरची ती बुटकी चौकोनी खिडकी म्हणजे बाहेरून काट्याने गवत आत टाकायचं भोक. भिंती दीड-दोन फुटी असतात: दोन बाजूंनी घडीव दगड, मधे भर, आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड.

गोठा होता तेव्हा त्या भिंतींना मुद्दाम फटी ठेवलेल्या असत. ओलं गवत दाबून ठेवलं की आतून तापतं, कधी पेटतंही, म्हणून वारा खेळता हवा. राहायचं घर करताना त्या सगळ्या फटी बंद होतात. कौलांखाली इन्सुलेशन, खिडक्यांना दुहेरी काच, दाराला रबरी पट्टी. रोज असेच नकाशे काढतो, म्हणून सांगतो: अशा घरात जाळायला लागणारी हवा येण्याची हक्काची वाट बहुधा एकच उरते, ती जाळी.

इथला हिशोब असा आहे. बंद दाराची लाकडाची शेगडी 5 किलोवॉटपर्यंत असेल तर जुन्या घराच्या गळत्या हवेवर भागतं असं धरतात. त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला 550 चौरस मिलिमीटरची कायम उघडी वाट हवी. तुझ्या फोटोतली 8 ची वाटते, म्हणजे 1650. जाळीच्या सगळ्या फटी मिळून जेमतेम चार बाय चार सेंटिमीटर. एवढ्याशा वाटेने थंड हवेची बारीक धार येणार, नेमकी सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या घोट्यांवर. काकू म्हणणार, ‘अविनाश, ते भोक बंद कर रे.’ तिथे त्यांचं ऐकू नकोस. सोफा सरकव.

हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. आपल्या घरात याला काय म्हणतील? प्रवासाचा शीण, पित्त, फराळ जास्त झाला. दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर अंगणात गेल्यावर हलकं वाटलं, तर ते पित्त नव्हे. दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं, 999 हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा. मोबाइलला तिथे रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पोचल्यावर लँडलाइन कुठे आहे ते बघ आणि घराचा पूर्ण पत्ता फोनशेजारी लिहून ठेव.

दुसरी गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. स्वयंपाक आणि शेगडी एकाच मोठ्या खोलीत आहेत. फोडणी टाकली की तू ओट्यावरचा पंखा फुल करणार. तो घरातली हवा बाहेर ओढतो, आणि घर घट्ट बंद असलं की भरपाईची हवा धुराड्यातून उलटी खाली येते, धुरासकट. शेगडी पेटलेली असताना पंखा लावायचा तर आधी ओट्याजवळची खिडकी चार बोटं उघड. चकल्या दुपारीच तळून घ्या, शेगडी पेटवण्याआधी. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, तिथे सेप्टिक टँक असतो. आणि ओट्यावरची स्वयंपाकाची शेगडी इंडक्शनची दिसते, लोखंडी तवा चालेल, ॲल्युमिनियमचा कुकर नाही.

पेटवताना दोन जाड ओंडके खाली, त्यावर बारीक काटक्या आडव्या-उभ्या, आणि पेटवण सगळ्यात वर. शेगडीच्या हवेच्या कळा पूर्ण उघड्या, तिचं दार पाचेक मिनिटं किंचित किलकिलं. धूर आत यायला लागला तर धुराडं गार आहे. कागदाचा एक बोळा वरच्या बाजूला पेटवून आधी ते तापव. लाकूड 20 टक्क्यांहून कमी ओलाव्याचं हवं. दोन ओंडके एकमेकांवर आपट: टणक आवाज आला तर वाळलेलं, बद्द वाजलं तर ओलं. ओल्याने धुराडं डांबराने माखतं. रात्री कळा बंद करून ‘सकाळपर्यंत धुमसू दे’ असं तर अजिबात नको. विझू द्यायची. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, घराबाहेर; आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

फोटोत अलार्म कुठे दिसला नाही. असेलही, पण डार्लिंग्टनला उतरल्यावर एक घेच. धुराचा नको, कार्बन मोनॉक्साइडचा, पाकिटावर ईएन 50291 हे मानक लिहिलंय ना ते बघून. शेगडीपासून एक ते तीन मीटरवर, उंच फडताळावर ठेव आणि बटण दाबून वाजतो का बघ. माळ्यावरची खोली सगळ्यांना आवडेल, पण ऊब आणि धूर दोन्ही वरच जमतात. काकूंना खालच्या खोलीत झोपव, जिनाही वाचेल.

सईचं अभिनंदन, नव्वदच्या वर म्हणजे कमालच केली पोरीने. नव्या फ्लॅटचं कर्ज झालं का? बढतीचं कळलं दिन्याकडून, तू सांगितलं नाहीस, त्याचा राग आहे. येशील तेव्हा बोलू. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली की साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून उजेडात पोच, त्या अरुंद रस्त्यांवर अंधारात पहिल्यांदा गाडी नको.

पोचलास की सामान उतरवण्याआधी त्या जाळीजवळ ओला हात धर. गार लागला पाहिजे. लागला नाही तर कोणीतरी आधीच बुजवलीय. शेगडी पेटवू नकोस, मला लँडलाइनवरून फोन कर.

तुझा,
बंड्या